दोघांतला तिसरा

रुडयार्ड किपलिंग या गृहस्थांचा आणि बँकेच्या कामकाजाचा काही संबंध असेल, असं मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक जमा आणि एक नावे. या दोन बाजूंची गाठ घालून देणारा जो तिसरा इसम असतो, म्हणजे कारकून, त्याच्याबद्दल अभ्यासक्रमात अवाक्षर नव्हतं. ते ज्ञान मला नोकरीला लागल्यावर झालं. किपलिंगचं ज्ञान त्याहून उशिरा झालं आणि तेही एका स्कॅनरच्या कृपेनं.

किपलिंग हा तसा आपल्याच गावचा, म्हणजे मुंबईचा. जन्म ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला होते. आमची पिढी अजून ज्याला तोंडातून व्हीटीच म्हणते त्या स्टेशनावर उतरून क्रॉफर्ड मार्केटकडे चालू लागलं, की डाव्या हाताला जे. जे.चं झाडीचं आवार लागतं. त्याच आवारात या बाळानं पहिला टाहो फोडला. पुढे बाळ मोठं झालं, लेखक झालं, १९०७ साली नोबेल पारितोषिकही घेऊन आलं. साम्राज्याचे गोडवे गाऊन जन्मगावची नाराजीही त्यानं कमावली, पण तो विषय वेगळा. १८८९ साली त्यानं पूर्व आणि पश्चिम यांच्यावर एक पोवाडावजा कविता लिहिली. तिच्या पहिल्याच ओळीत 'दोघे' या अर्थाचा एक जुनापुराणा इंग्रजी शब्द येतो, 'ट्वेन'. या दोघांची गाठ काही पडायची नाही, असा त्या ओळीचा एकंदर सूर.

आता शंभर वर्षं पुढे या. अमेरिकेत काही कंपन्यांचे इंजिनियर एकत्र बसले आणि कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमनं स्कॅनरशी कसं बोलावं याचे नियम त्यांनी लिहून काढले. काम १९९१ च्या जानेवारीत सुरू झालं आणि १९९२ साली नियम बाहेर आले. नाव काय ठेवलं? ट्वेन! म्हणजे ज्या दोघांची गाठ घालून द्यायला आपण बसलो आहोत, त्यांच्याच पत्रिकेवर 'योग नाही' असं लिहून ठेवायचं. स्कॅनर आणि कॉम्प्युटर यांना जुळवता जुळवता या मंडळींचा इतका पिट्ट्या पडला होता, की त्यांना हीच ओळ आठवली. नाव उठून दिसावं म्हणून त्यांनी ते मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिलं. झालं! लोकांना वाटलं, हे कसलं तरी संक्षिप्त रूप असणार. मग पूर्ण रूप काय, म्हणून स्पर्धा लागली. एकही उत्तर पास झालं नाही. पण त्यातलं एक लोकांच्या तोंडी बसलं ते कायमचं. त्याचा मराठीत अर्थ होतो, 'ज्याला काही मजेशीर नाव नाही असं तंत्रज्ञान'. आमच्या बँकेत काही फॉर्मांची नावं या स्पर्धेला पाठवावीत अशी आहेत.

तर या ट्वेनची कथा. पण आधी स्कॅनरची जन्मकथा सांगायला हवी, कारण हा प्राणी पाहायला फार लवकर शिकला आणि बोलायला फार उशिरा.

१९५७ साली अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत रसेल कर्श नावाचे एक संशोधक होते. वजनं-मापं तपासणारं खातं ते. तिथे सीॲक नावाचा एक अगडबंब कॉम्प्युटर होता. चित्र त्याच्या पोटात घालता येईल का, असं कर्शसाहेबांच्या मनात आलं. त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला आणि प्रकाशाच्या ठिपक्यानं तो टिपून घेतला. पाच सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद. आडवे १७६ ठिपके आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६. (बेरीज-गुणाकार माझ्यावर सोडा, पगार त्याचाच मिळतो.) कॉम्प्युटरनं पाहिलेलं जगातलं ते पहिलं छायाचित्र. म्हणजे जगातला पहिला स्कॅनर जन्माला आला, तो बापाला पोराचा फोटो चार लोकांना दाखवायचा असतो म्हणून, असं मानायला माझी हरकत नाही. ठिपका चौकोनी ठेवला हा आपला मूर्खपणा झाला, असं याच कर्शसाहेबांनी म्हातारपणी सांगितलं. तोवर सगळं जग चौकोनी ठिपक्यांनी भरून गेलं होतं.

त्या स्कॅनरला भाषेची अडचण नव्हती. स्कॅनर घरचा, कॉम्प्युटर घरचा, प्रोग्रॅमही घरचा. एकत्र कुटुंबात सासूनं नुसतं भुवई उचलून पाहिलं तरी सुनेला कळतं की दुधाखालचा गॅस बंद करायचा आहे. भाषा लागते ती घर मोडल्यावर.

आणि घर मोडलं ते १९८० नंतरच्या दशकात. टेबलावरचे कॉम्प्युटर आले, टेबलावरचे स्कॅनर आले. ह्युलेट-पॅकार्डचा स्कॅनजेट १९८७ साली आला. पण स्कॅनर एकाचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचा, चित्राचा प्रोग्रॅम तिसऱ्याचा. दोघांमध्ये केबल होती, पण केबल म्हणजे संभाषण नव्हे. आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत होती आणि सात वर्षं अबोला होता. केबलचे मानपानही निराळे. स्कझी नावाची एक पद्धत होती. तिच्यात प्रत्येक यंत्राला घरनंबर द्यावा लागे आणि माळेच्या शेवटच्या टोकाला 'इथे लाइन संपली' असं सांगणारं एक बूच बसवावं लागे. बूच विसरलं की अख्खी माळ वेड्यासारखी वागायची. एवढं करून जोडणी झाली, तरी पुढे प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. ह्युलेट-पॅकार्डच्या स्कॅनरला प्रत्येक हुकूम 'एस्केप' या चिन्हानं सुरू करून द्यावा लागे. दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरपुढे तेच बोललात, तर तो मख्ख.

इथे वाणिज्य शाखा उपयोगी पडते. समजा बाजारात सहा प्रोग्रॅम आहेत आणि आठ स्कॅनर. प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक स्कॅनरची बोली शिकवायची, तर सहा आठे अठ्ठेचाळीस शिकवण्या. नवा स्कॅनर आला की सहा वाढल्या. याउलट सगळ्यांनी एकच बोली शिकायची ठरवलं, तर सहा आणि आठ चौदा. अठ्ठेचाळीसच्या जागी चौदा! हा हिशेब कुठल्याही किराणा दुकानदाराला सुचला असता. अमेरिकेतल्या इंजिनियरांना तो सुचायला १९९१ साल उजाडलं, याचं कारण सोपं आहे. शिकवणीचा खर्च ज्याचा त्याचा होता आणि मनस्ताप गिऱ्हाइकाचा.

एकत्र आलेली मंडळी पाच. पानं जुळवण्याचा प्रोग्रॅम विकणारी आल्डस, छापील अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम विकणारी केअर, फोटोवाली कोडॅक, ह्युलेट-पॅकार्ड आणि लॉजिटेक. ही लॉजिटेक म्हणजे आपल्या माऊसवाली. ती तेव्हा हातात धरायचा स्कॅनरही विकायची. टेबल पुसावं तसा तो कागदावरून ओढायचा. हात थरथरला की चित्रातला मनुष्यही थरथरायचा. पाचांपैकी काही जण प्रोग्रॅमवाले आणि काही स्कॅनरवाले, म्हणजे वधूपक्ष आणि वरपक्ष दोन्ही हजर. बोलणी तेव्हाच होतात.

मी लग्नाची उपमा उगीच आणलेली नाही. ट्वेनच्या नियमांचं बाड वाचलंत, तर तुमचीही खात्री पटेल. नियमांप्रमाणे प्रोग्रॅमनं स्कॅनरशी थेट बोलायचं नाही. मध्ये एक मध्यस्थ असतो, त्याला 'सोर्स मॅनेजर' म्हणतात. स्कॅनरच्या बाजूनं त्याचा वकील असतो, तो 'सोर्स'. प्रोग्रॅमनं जे काही बोलायचं ते मध्यस्थाशी, आणि तेही एकाच खिडकीतून. बोलणं कसं, तर तीन रकान्यांत: काम कुठल्या गटातलं, कागद कुठल्या प्रकारचा आणि त्याचं करायचं काय. आमच्या आवक-जावक रजिस्टरात याहून वेगळं काही नसतं.

आणि हे सगळं घडतं सात पायऱ्यांत. होय, सातच. सप्तपदी! पहिल्या पायरीवर दोघे आपापल्या घरी. दुसरीवर मध्यस्थ आला. तिसरीवर त्याच्याशी ओळखपाळख झाली. इथे प्रोग्रॅमला आपलं नाव, कुळ, बनवणाऱ्याचं नाव आणि आवृत्ती असा सगळा तपशील द्यावा लागतो. आम्ही त्याला केवायसी म्हणतो. चौथीवर स्कॅनरचा वकील समोर आला. पाचवीवर स्कॅनर कामाला तयार, सहावीवर चित्र तयार आणि सातवीवर चित्र हातात. पायरी गाळायची नाही. गाळलीत तर 'क्रम चुकला' असा शेरा मिळतो. आणि सप्तपदीहून एक गोष्ट जास्त आहे. काम झालं की त्याच पायऱ्यांनी, त्याच क्रमानं उलटं खाली यायचं. ही सोय आपल्या शास्त्रकारांनी ठेवली नाही, यात त्यांचा दूरदर्शीपणा दिसतो.

खरी गंमत चौथ्या पायरीवर. इथे याद्या होतात. प्रोग्रॅम विचारतो, 'इंचाला किती ठिपके देणार? रंगीत देणार की काळंपांढरं? कागद केवढा घेणार?' सोर्स उत्तरं देतो, तीही चार ठरलेल्या भांड्यांत घालून: एकच आकडा, आकड्यांची रांग, 'इथपासून तिथपर्यंत' असा पल्ला, किंवा 'यातलं निवडा' अशी यादी. मग प्रोग्रॅम म्हणतो, 'तीनशे ठिपके द्या.' यावर 'दिले' किंवा 'जमणार नाही' ही दोन उत्तरं कुणालाही समजतील. ट्वेनमध्ये तिसरं आहे. त्याचा भावार्थ असा: 'तुम्ही मागितलंत त्याच्या आसपासचं काहीतरी केलं आहे. काय केलं ते बघून घ्या.' सरकारी कचेरीत ज्यानं एकदा तरी अर्ज केला आहे, त्याला हे उत्तर नवीन नाही. पण हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे ते एका आजींना भोवणार आहे.

अपूर्णांक लिहायची ट्वेनची रीतही पाहण्यासारखी. पूर्णांक एका खिशात, अपूर्णांक दुसऱ्या खिशात आणि अपूर्णांकाचा तुकडा म्हणजे एकाचा पासष्ट हजार पाचशे छत्तिसावा भाग. म्हणजे रुपयाचे ६५,५३६ पैसे! आम्ही शंभर पैशांच्या रुपयावर पाच पैशांचा फरक शोधत रात्री नऊपर्यंत बसलेले लोक आहोत. या रीतीनं डे-बुक लिहायची वेळ आली असती, तर युनियननं संपच केला असता.

चित्र देण्याचे मार्ग सुरुवातीला तीन ठेवले होते. अख्खं चित्र एकदम हातात द्यायचं, परभारे फाइलीत ठेवून द्यायचं किंवा पट्ट्यापट्ट्यांनी द्यायचं. हा शेवटचा मार्ग चैनीचा नव्हता. साधा एफोर कागद ३०० ठिपक्यांनी रंगीत टिपला, की तो कॉम्प्युटरच्या पोटातली सुमारे २६ मेगाबाइट जागा खातो. त्या काळातल्या कॉम्प्युटरांच्या पोटात चार-आठ मेगाबाइट असायचे. लाखाची रोकड द्यायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात भाजीची पिशवी, अशा वेळी आम्हीही एकेक पुडकंच सरकवतो.

आणि काही बिघडलं तर? बिघाडांचीही क्रमवार यादी आहे. मेमरी कमी पडली, स्कॅनरच सापडत नाही, कागद अडकला, दोन कागद एकदम गेले. पण या यादीत पहिला क्रमांक कोणाचा, तर 'बमर' या बिघाडाचा. हा अमेरिकन बोलीतला शब्द. आपल्याकडे कपाळावर हात मारून 'बोंबला!' म्हणतात, त्याच जातीचा. अर्थ दिला आहे, 'अज्ञात कारणामुळे अपयश'. पाच कंपन्यांचे विद्वान वर्षभर बसले आणि बिघाडाची कारणं लिहायला घेतल्यावर सर्वांत आधी 'कारण माहीत नाही' असं लिहून मोकळे झाले. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर तिथे दुणावला. बँकेत यालाच सस्पेन्स खातं म्हणतात.

ट्वेन चाललं. घराघरांतून, कचेऱ्याकचेऱ्यांतून चाललं. पण त्यात एक वाकडा दात होता. स्कॅनरचा वकील येताना स्वतःची खिडकीही घेऊन यायचा. म्हणजे बटणं कुठली, रंग कुठला, सगळं स्कॅनर कंपनीच्या आवडीचं. पाहुणा मुक्कामाला यावा आणि त्यानं आपल्याबरोबर स्वतःचा दिवाणखाना आणावा, तसा प्रकार. शिवाय हा वकील प्रोग्रॅमच्या घरात, त्याच्याच खोलीत उतरायचा. त्यानं आजारी पडून मान टाकली, की यजमानही जागच्या जागी आडवा. अर्धं टाइप केलेलं पत्र त्याच्याबरोबर सती.

काही लोकांना हे पटलं नाही. युनिक्स आणि लिनक्सवाल्या मंडळींनी १९९० नंतरच्या त्याच दशकात आपली वेगळी पद्धत काढली. तिच्या नावाचा इंग्रजीत अर्थ होतो 'शहाणा': सेन. पूर्ण रूपाचा अर्थ 'स्कॅनरपर्यंत पोचणं आता सोपं'. टोमणा कोणाला, हे सांगायला नकोच. त्यांनी दिवाणखाना आणि स्वयंपाकघर वेगळं केलं. स्कॅनरशी बोलणारा भाग पाठीमागे, माणसाला दिसणारा भाग पुढे. त्यामुळे पाठीमागचा भाग एका कॉम्प्युटरवर आणि पुढचा भाग तारेच्या टोकाशी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, असंही जमू लागलं. इकडे तासाला हजारो कागद गिळणाऱ्या मोठ्या स्कॅनरांसाठी १९९० पासूनच इसिस नावाची एक वेगवान पद्धत होती, पण ती परवाना घेऊन, दाम मोजून. मायक्रोसॉफ्टनं २००० साली विंडोज मी मध्ये स्वतःची निराळी पद्धत घातली. अठ्ठेचाळीसचे चौदा झाले होते, ते परत वाढू लागले.

आता आमच्या शाखेकडे येतो. २००६ साली आमची शाखा 'कोअर बँकिंग'मध्ये जायची होती. त्यासाठी सगळ्या खातेदारांच्या सह्यांची नमुना कार्डं स्कॅन करायची होती. जुनी पुठ्ठ्याची कार्डं, गोदरेजच्या कपाटात, आडनावांच्या क्रमानं. कोणाची सही निळ्या शाईची, कोणाची काळ्या, काहींचे अंगठे. स्कॅनर एका कंपनीचा आला, सह्यांचा प्रोग्रॅम दुसरीचा. चालेना. स्कॅनरवाला आला, बघितलं, म्हणाला, ''आमचं मशीन ओके आहे, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.'' सॉफ्टवेअरवाला आला, म्हणाला, ''आमचं परफेक्ट आहे, ड्रायव्हर बघा.'' दोघे एका दिवशी कधीच आले नाहीत. किपलिंगची ती ओळ मला माहीत असती, तर मी ती फ्रेम करून लावली असती.

शेवटी कोणीतरी काहीतरी केलं आणि ते चालू झालं. तीन आठवडे आमच्या शिपाईमामांनी कार्डं काढून दिली आणि मी काचेवर पालथी घातली. पडद्यावर हिरवी खूण उमटली की पुढचं कार्ड. हिरव्या खुणा हजारोंनी उमटल्या. साहेबांनी वरच्या ऑफिसला 'काम शंभर टक्के पूर्ण' असं कळवलं. कार्डांचे गठ्ठे रद्दीत द्यायचे की ठेवायचे याचं उत्तर वरून आलं नाही, म्हणून मामांनी ते सुतळीनं बांधून परत कपाटात ठेवले. उत्तर अजूनही आलेलं नाही.

मग चेकच बदलले. पूर्वी चेक हा प्रवासी होता. तुम्ही दादरला भरलेला चेक क्लिअरिंगच्या थैलीत बसून ज्या शाखेचा असेल त्या शाखेत जातीनं जायचा. रिझर्व्ह बँकेनं हा प्रवास बंद केला. १ फेब्रुवारी २००८ ला दिल्लीत, सप्टेंबर २०११ मध्ये चेन्नईत आणि २७ एप्रिल २०१३ ला आमच्या मुंबईत. कायद्यात त्याची तजवीज आधीच, २००२ सालच्या दुरुस्तीनं झाली होती. आता कागद भरला त्या बँकेतच थांबतो आणि पुढे जातात त्याच्या तीन तसबिरी. समोरची बाजू राखाडी छटांत, समोरचीच काळीपांढरी आणि पाठ काळीपांढरी. राखाडी तसबीर इंचाला १०० ठिपक्यांची, काळ्यापांढऱ्या २०० ठिपक्यांच्या. हे जमावं म्हणून चेकचा कागदही बदलला. उजेडासमोर धरलं की त्यात पाणचिन्ह दिसतं आणि बँकेचं बोधचिन्ह अतिनील दिव्याखाली उमटतं. तारीख सोडून कुठेही खाडाखोड चालत नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर देशातल्या झाडून सगळ्या शाखा यात आणायच्या असं ठरलं आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक दिवसभर जसजसे येतील तसतसे पुढे जातात. आमच्या हेडक्लार्कांनी सबंध नोकरी 'दोन-तीन दिवसांनी या' या एका वाक्यावर काढली होती. ते वेळेत निवृत्त झाले.

मुंबईत हे सुरू झालं त्याच साली, पावसाळ्यात, एका आजींचा चेक आला. आला म्हणजे त्याची तसबीर आली. आजी निवृत्त शिक्षिका, खातं माझ्या जन्माआधीचं. चेक एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावे. पडद्यावर डावीकडे चेकवरची सही, उजवीकडे आम्ही २००६ मध्ये टिपलेली नमुन्याची सही. डावीकडे बारीक, तिरकं, सलग अक्षर. उजवीकडे अधूनमधून चार-सहा काळे कण, मुंग्या निघून गेल्यावर मागे राहिलेल्या साखरेसारखे. नियमाप्रमाणे ही सही जुळत नव्हती. 'सही जुळत नाही' हे कारण घालून चेक परत पाठवायचा आणि खात्याला दंडाचा आकार लावायचा, एवढंच काम होतं. बटणं तयार होती.

मी आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, ''अहो, बेचाळीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवलंय मी. माझी सही माझी नाही म्हणता?'' मग जरा थांबून, हळू आवाजात, ''ह्यांचं ऑपरेशन उद्या आहे हो.''

चेक परत करायचा तर त्याला ठरलेली वेळ असते. ती उलटायला तासभर होता. मामा कपाटाकडे गेले, सुतळी सोडली आणि पंधरा मिनिटांत कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलं. ट्यूबलाइटखाली तिरकं धरल्यावर दिसली सही. फिक्या निळ्या शाईत, पीस फिरवावं तशी हलकी. प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. चेकवरचीच सही. साहेबांनी कार्ड पाहिलं, आजींचा पत्ता पाहिला आणि चेक पास केला.

असं का झालं, ते सॉफ्टवेअर कंपनीच्या एका तरुण मुलानं नंतर शोधून काढलं. प्रोग्रॅमनं मागितले होते ३०० ठिपके. स्कॅनरच्या वकिलानं दिले १०० आणि 'आसपासचं काहीतरी केलं आहे, बघून घ्या' असं रीतसर उत्तर दिलं. प्रोग्रॅमनं बघून घेतलं नाही. 'जमलं' असं समजून हिरवी खूण उमटवली. त्यात चित्र काळंपांढरं. काळं कशाला म्हणायचं आणि पांढरं कशाला, याचा उंबरठा ० ते २५५ च्या मापात १२८ वर, बरोबर मध्यावर ठेवलेला. ट्वेनमध्ये तो कोणी हलवला नाही तर तिथेच असतो. त्यामुळे ज्यांनी पेन दाबून सही केली, ते सगळे खातेदार उरले. ज्यांचा हात हलका, त्यांची सही म्हणजे नुसता कोरा कागद, असा निकाल झाला. व्यापाऱ्यांच्या सह्या झाडून पास. हलक्या हाताची माणसं शोधत आम्ही पुढचे दोन महिने कपाट धुंडाळलं. एकशे चौदा निघाली. त्यांत शिक्षिका बऱ्याच होत्या आणि एक शिंपी.

हे सगळं पुन्हा स्कॅन करायला आम्ही तोच स्कॅनर वापरला, या वेळी आकडे डोळ्यांनी तपासून. उत्तम चालला. तो वाईट नव्हताच. त्यानं तर सांगितलं होतं.

पुढे शाखेत नवे कॉम्प्युटर आले, ६४ बिटांचे, आणि सह्यांचा प्रोग्रॅमही ६४ बिटांचा. स्कॅनरचा वकील मात्र जुना, ३२ बिटांचा. मघाशी म्हटलं, की हा वकील प्रोग्रॅमच्याच खोलीत उतरतो. ६४ बिटांच्या खोलीत ३२ बिटांच्या वकिलाला प्रवेश नाही. स्कॅनर कंपनीनं त्या जुन्या मशीनसाठी नवा वकील नेमला नाही, कारण त्यांना नवं मशीन विकायचं होतं. झालं! स्कॅनर टेबलावर, दिवा चालू, काच स्वच्छ आणि पडद्यावर अक्षरं: 'स्कॅनर सापडला नाही'. माणूस धडधाकट, पण त्याचा दुभाषा वारलेला. हल्लीचे स्कॅनर वायफायवरून, वेबपानं जातात-येतात त्याच भाषेत बोलतात. त्यांना वेगळा वकील लागत नाही. याच्या नशिबी ते नव्हतं. शाखेनं तो भंगारात काढला.

भंगाराच्या लिलावात तो मामांनी घेतला. ''काय करणार मामा?'' मी विचारलं. ''पोरगं मागतंय,'' मामा म्हणाले. पोरगं तेव्हा डिप्लोमाला होतं. त्यानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. त्या 'शहाण्या' सेनवाल्यांच्या यादीत या मॉडेलचं नाव होतं. तार लावली आणि स्कॅनर चालू झाला. इकडे मी किपलिंगची ती कविता पुढे वाचायला घेतली होती. पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते, पुढे कोणी जात नाही. पुढे सरहद्दीवरचा एक पठाण इंग्रज कर्नलची घोडी पळवतो, कर्नलचा मुलगा त्याचा पाठलाग करतो आणि शेवटी ते दोघे भेटतात, चांगले गळाभेट घेण्याइतके भेटतात.

मामा आता निवृत्त होऊन गावी, राजापूरकडे असतात. स्कॅनर त्यांच्या गावच्या वाचनालयात आहे. वाचनालयाची जुनी सभासद-रजिस्टरं तो टिपतो, राखाडी छटांत, ३०० ठिपक्यांनी. गेल्या मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा मामांनी १९६१ चं एक पान दाखवलं. सभासदांच्या सह्यांची रांग होती. काही इतक्या पुसट, की रजिस्टरात मला दिसल्या नव्हत्या, त्या पडद्यावर दिसत होत्या. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मामा म्हणाले, ''ही आमच्या बापाची. चौथीपर्यंतच शिकलेला.''